चवथीच्या गोळ्या आणि एमआरआय

बायोप्सीचा रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे. चवथ, म्हणजे आमची गणेश चतुर्थी, सहा दिवसांवर होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो नेवऱ्यांचा, म्हणजे चवथीच्या करंज्यांचा: आता त्या कोण करणार? हसू नका. तुमच्यावर वेळ आली की तुम्हालाही असलंच काहीतरी सुचेल.

मी चौतीस वर्षांची. माहेर पेडण्याचं, सासर डिचोलीला. पंचायतीत कारकून आहे. आंघोळ करताना डाव्या स्तनात वालाच्या दाण्याएवढी गाठ हाताला लागली. मग बायोप्सी झाली, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात ती. माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी. त्या दिवसापासून तर जेवणसुद्धा उभ्यानेच होऊ लागलं.

सर्जन म्हणाले, गाठ लहान आहे. तेवढी एकच असेल तर स्तन वाचवता येईल, पण ऑपरेशन ठरवण्याआधी एमआरआय करू. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आधीच झाली होती. तरुण वयात स्तन घट्ट असतात, त्यामुळे एक्स-रेत तेही पांढरे दिसतात आणि गाठही पांढरी. एमआरआय चुंबकाने चित्र काढतो. शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचं औषध सोडतात, आणि जिथे रक्त जास्त खेळतं तो भाग उजळून दिसतो. एवढं ऐकून मी एकच धरून बसले: स्तन राहणार की जाणार?

पणजीच्या इस्पितळात चवथीच्या तिसऱ्या दिवसाची वेळ मिळाली. फॉर्म देणारी मुलगी म्हणाली, पाळी सुरू झाल्यापासूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोटो चांगला येतो, नसेल तर थांबावं लागेल. थांबायचं? मी? मी दुसऱ्या आठवड्यात बसेल अशी पाळीची खोटीच तारीख ठोकून दिली. खाली विचारलं होतं, हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का? मी 'नाही'वर खूण केली.

आता खरं सांगते. आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती. त्या दिवसांत पाळी येऊ नये म्हणून सासूबाई दरवर्षी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतात. वाड्यावरच्या निम्म्या बायका घेतात. त्यांना आम्ही औषध समजतच नाही, चवथीच्या सामानातलीच ती एक वस्तू. स्कॅनच्या सकाळीही मी एक घेतली होती. दुसऱ्यांनी फॉर्म चुकवला की परत पाठवणारी मी, स्वतःचा मात्र धडधडीत खोटा भरून आले.

दोन दिवसांनी सर्जननी बोलावलं. दोन्ही स्तनांत बरेच ठिपके उजळले होते. उजव्याचीही बायोप्सी करावी लागेल, डावा कदाचित पूर्ण काढावा लागेल, असं ते म्हणाले. त्या दिवशी घरी विसर्जन होतं. आरती चालू असताना मी मागच्या अंगणात नुसती फेऱ्या मारत होते. नवऱ्याला म्हटलं, दोन्ही काढू देत, पण लवकर काय ते होऊ दे. तो बिचारा आरतीला आत निघून गेला. मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी फोटो वाचणाऱ्या डॉक्टरबाईंचा फोन आला. बाई आमच्याच बाजूच्या. तुम्ही दिलेल्या तारखेला इतकं उजळायला नको, म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, "चवथीक पाळी येवची न्हय म्हणून गुळयो घेतल्यो?"

मला रडूच फुटलं. तारखेसकट सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत. हार्मोनमुळे चांगला भागही उजळतो, म्हणाल्या, त्यामुळे खरं काय आणि खोटं काय ते या फोटोत कळणार नाही. गोळ्या बंद झाल्यात, आता पाळी येऊ दे, दुसऱ्या आठवड्यात परत करू. एवढ्या दिवसांनी काही बिघडणार नाही, असं सर्जननीही सांगितलं. मला ते पटलं, पण झोप काही आली नाही. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

दुसऱ्या स्कॅनला पालथी झोपून अर्धा तास तसूभरही हलले नाही. यंत्र कानाशी ठोकाठोक करत होतं. आयुष्यात इतकी स्थिर मी कधी राहिले नसेन.

उजवा स्वच्छ निघाला. डावीकडे मूळ गाठ होती, आणि तिच्यापासून दोन बोटांवर आणखी एक बारीक ठिपका. तो मॅमोग्राफीत दिसलाच नव्हता. तपासला तर तोही कॅन्सर. दोन्ही एकाच ऑपरेशनमध्ये निघाले. मग रेडिएशन झालं, म्हणजे किरणांचा उपचार. स्तन राहिला, एका बाजूला जरा खोलगट, पण माझा.

बायांनो, पाळीची तारीख खरी सांगा, गोळ्या कसल्याही असोत, सांगा. त्या डॉक्टरबाईंनी लाज न धरता विचारलं नसतं, तर चांगल्या स्तनातही सुया गेल्या असत्या आणि डावा कदाचित उगाच गेला असता. त्यांचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही.

या वर्षी चवथीच्या आदल्या आठवड्यात धाकट्या जावेने विचारलं, यंदा गोळ्या आणल्या का? सासूबाई गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीसाठी सुपाऱ्या निवडत होत्या. आपण आणून दिलेल्या गोळ्यांविषयी वर्षभर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हाडूंक ना. देवाक चालता गे. आमकांच चालना आशिल्लें."