तोंड मिटून पाग पडत नाय

चौकातल्या पुतळ्यांशी माझं पटत नाही. दोष पुतळ्यांचा नसेल, माणसांशीही माझं फार पटलेलं नाही. पण माणूस उलट बोलतो, दमतो, भांडण संपतं तरी. पुतळ्याशी भांडायला गेलं की दोन्ही बाजूंनी आपल्यालाच भांडावं लागतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथीत दोन वर्षं काढली म्हणून मी ती पाचवी धरतो. पुढचं आयुष्य खाडीत पाग टाकण्यात गेलं. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं, कडेने शिशाच्या गोळ्या ओवलेलं. विमानतळासाठी गाव उठलं, आम्ही करंजाड्यात आलो, मुलाने घर बांधलं आणि माझा पाग गच्चीवरच्या पत्र्याखाली टांगला गेला. त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून मला काम नाही, आणि काम नसलेल्या माणसाला पुतळे फार दिसतात.

खांदा कॉलनीच्या बाजूला एका बागेत सिमेंटचा बगळा उभा होता. त्याचा गुडघा माणसासारखा पुढे काढलेला. मी वॉचमनला म्हटलं, असा बगळा जन्माला येत नाही. तो म्हणाला, "बाबा, बगळ्याने तक्रार केलीय का?" दुसरा एक स्टीलचा मासा, कर्नाळ्याच्या रस्त्याला एका हॉटेलापुढे. त्याची खवलं उलटी बसवली होती, शेपटीकडून डोक्याकडे. उलटी आहेत हे बायकोला पटवायला मी त्यावरून हात फिरवला. साठ वर्षं माशांत हात घातले, पण टाके पडले ते स्टीलच्या माशाने.

इतकं होऊनही मी गप्प बसलो नाही, कारण पुढचा पुतळा आमचाच होता. आमच्या चौकात पाग फेकणारा माणूस उभा राहणार, असं कळलं. फायबरचा, दीड माणूस उंच. बांबूची परांची बांधली, वर एक जीन्स घातलेली मुलगी चढून काम करू लागली. पुण्याची होती, पुतळा तीच घडवत होती. मी रोज सकाळी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून बघायचो. पाय बरोबर होते. कंबर बरोबर होती. तारेचा पाग हवेत उघडलेला, तोही बरा होता. मग एके दिवशी तिने तोंड केलं. मिटलेलं. वर थोडं हसू, आरशात बघून पसंत पडल्यासारखं.

मी खालून ओरडलो, "अगो बाय, ह्याच्या तोंडात पाग कुठं हाय?"

"काय म्हणालात, आजोबा?"

आजोबा म्हणाली. खरं बिनसलं ते तिथेच.

"पागाची दोरी डाव्या मनगटाला बांधतात, घड्या कोपरावर घेतात, आनि कडेची एक गोळी दातांत धरतात. तोंड मिटून पाग पडत नाय. ह्यो पाग फेकतच नाय, ह्यो चादर झटकतंय."

भाजी घेणाऱ्या बायका हसल्या. त्या हसल्या म्हणून मी आणखी दोन वाक्यं बोललो. ती इथे लिहीत नाही.

मुलगी खाली उतरली. "मी पंचवीस व्हिडिओ बघितलेत, आजोबा."

"त्या व्हिडिओत हात भिजतंय का?"

ती चिडली असती तर मी जिंकून घरी गेलो असतो. ती चिडली नाही. म्हणाली, "परवा रंग चढवायचाय. तोपर्यंत चेहरा बदलता येईल, नंतर नाही. उद्या सकाळी मला फेकून दाखवता का? इथेच, गवतावर?"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. घरी येऊन पाणी प्यायला भांडं तोंडाला लावलं, तेव्हा लक्षात आलं की पाग टाकायचो तेव्हा दात माझे होते. आता वरचे सगळे कवळीचे आहेत.

नाही म्हणून सांगता आलं असतं. खांदा दुखतो म्हटलं असतं तर कोणी खोटं म्हणालं नसतं. पण तो पुतळा मी गेल्यावरही तिथे उभा राहणार होता. गाव गेलं, खाडीचा तो भाग गेला, आता आमचा म्हणून एकच माणूस चौकात उभा राहणार, आणि तो कायमचा चादर झटकत राहणार, हे मला सोसवत नव्हतं.

बायकोने पाग खाली काढताना बघितलं आणि सगळं ओळखलं. तिने चाळीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकली आहे, तिच्यापासून काही लपत नाही.

"अवो, कवली काढून जा."

"आनि गोली काय हिरड्यांत धरू?"

"मंग धरूच नका. तोंड मिटून फेका."

"तोंड मिटून पाग पडत नाय!"

"पाग ऱ्हाऊ द्या, तोंड तरी मिटा. घरात शांतता व्हईल."

सकाळी चौकात गेलो तर निम्मं गाव हजर. म्हातारे घरून खुर्च्या घेऊन आले होते. चाळीस वर्षं माझ्याशी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारा माझा जोडीदार पुढच्या खुर्चीत. आम्ही दोघे एकाच होडीत होतो, म्हणून तर वाद. मुलगी मोबाईल धरून उभी.

मी दोरी मनगटाला बांधली. घड्या घेतल्या. हाताला सगळं आठवत होतं, खांद्याला जरा कमी. गोळी दातांत धरली. शिशाची ती चव आठ वर्षांनी जिभेवर आली आणि माझं वय विसरलो. कंबर वळवली, पाय टाकला, सोडला.

पाग उघडला. भाकरीसारखा गोल, कुठे चिमटा नाही. सगळ्या गोळ्या एकदम गवतावर पडल्या. मी छाती काढून वळलो, "बघितलंस?" म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यातून नुसता वारा आला.

कवळी पागाबरोबर गेली होती. कडेला, गोळीला तशीच चावून पडली होती.

"घावला रं, घावला!" माझा जोडीदार ओरडला. "चिंबोरी हाय का, नांगी आवलून बसलीय ती?"

मग जे हसले ते मी सांगत नाही. रिक्षा थांबल्या. बायको शांतपणे गवतात गेली, कवळी उचलली, पदराने पुसली आणि सगळ्यांना दाखवून म्हणाली, "बघा, ताजी हाय."

एकटी ती मुलगी हसत नव्हती. मोबाईलवर मघाचं हळूहळू चालवून बघत होती. मला जवळ बोलावलं. "आजोबा, पुतळ्यातलं जाळं हवेत आहे ना? हवेत गेलेलं जाळं दातांत कसं असेल?"

मी बघितलं. पाग हवेत, हात रिकामे, आणि मागे एक म्हातारा, त्याचा जबडा हा एवढा उघडा. गोळी दातांतून सुटली तर तोंड उघडणारच. एवढी साधी गोष्ट. पण धरताना काय वाटतं ते मला ठाऊक होतं, सोडताना मी कसा दिसतो हे बघायला मी कधी माझ्यासमोर उभा नव्हतो. सगळ्या चौकाला ऐकवत होतो की हवेतला पाग दातांत धरून दाखव.

"म्हंजे मी चुकलो?" मी विचारलं. दाताशिवाय ते 'फुकलो' झालं.

"अर्धे," ती म्हणाली. "मिटलेलं तोंड चूकच आहे. मी उघडते."

"किती?"

"तुमचं आहे तेवढं."

"दात घाल मात्र, बाय."

"घालते, आजोबा." या वेळी आजोबा मला तितकं टोचलं नाही.

तिने त्याच दिवशी तोंड फोडून पुन्हा केलं. रंग चढला, हार पडले. माझा जोडीदार पुतळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मी आपला तयारीत, आता काय खोट काढतो म्हणून. बघता बघता त्याचा उजवा हात जरा झटकला, आणि त्याचं तोंड आपोआप उघडलं. मग त्याने इकडेतिकडे बघून ते मिटलं आणि म्हणाला, "सुटलाय पाग." एवढंच. आयुष्यात तो माझ्याशी सहमत झाला तो इतकाच.

पण करंजाड्यात आमच्यापेक्षा नोकरीवाले जास्त. मुंबईहून आलेले, पुण्याहून आलेले, चांगली माणसं. त्यांनी पाग कधी बघितलेला नाही. ते सकाळी साडेसातला ऑफिसला निघतात आणि चौकात एक माणूस हात पसरून, तोंड वासून उभा दिसतो. महिन्याभरात चौकाचं नाव जांभई सर्कल पडलं. दुकानांच्या पत्त्यात आलं. ज्याने तोंड उघडायला लावलं तो मी, हेही सगळ्यांना माहीत.

मी ते नाव घेत नाही. परवा पनवेल स्टेशनला तीन रिक्षावाल्यांना "पाग चौक" म्हटलं, तिघेही निघून गेले. चौथ्याला बायकोने सांगितलं, "जांभई सर्कल, दोघं जन," आणि आत बसली. ऊन होतं. मीही बसलो. बसल्यावर मात्र रिक्षावाल्याला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, दोरी कुठे, घड्या कुठे, गोळी दातांतून कधी सुटते. तो आरशात बघून मान हलवत होता. चौक समोर आला आणि त्याला मोठी जांभई आली.

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग पुतळ्याच्या. खरं सांगायचं तर काही फरक नव्हता.