तलावाचं पोट

पाचगणीच्या त्या बंगल्यातल्या पोहण्याच्या तलावाला कातडी होती. खोटं वाटेल, पण होती. सिमेंटच्या खड्ड्यात काठापासून तळापर्यंत निळ्या प्लास्टिकचं एकच अखंड अस्तर. बंगला सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याचा. अस्तर शेठांनी परदेशातून आणवलं होतं. ते फाटलं तर दुसरं मिळायचं नाही आणि तुम्हीही इथं राहायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. तुम्ही म्हणजे मी आणि माझी सासू. नवरा फौजेत, सीमेवर. वडूजकडची कोरडवाहू जमीन दिराच्या हवाली करून आम्ही दोघी बंगला राखायला आलो होतो. मागची एक खोली, एवढाच आमचा संसार.

सापाला मी कधी भ्याले नाही, त्या अस्तराला भ्याले. काठावर उभं राहून जाळीनं पानं काढायची, बांबूला बांधलेल्या मऊ ब्रशनं भिंती घासायच्या, बादलीत ब्लीचिंग पावडर कालवून वरचं निवळ तेवढं ओतायचं. झोपेतसुद्धा मला टर्रकन काहीतरी फाटल्याचं ऐकू यायचं.

एका पावसाळ्यानंतर पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं झालं. दिवाळीला शेठांकडे पाहुणे येणार होते. पाणी उपसा, पण गुडघाभर ठेवा, असा त्यांचा निरोप आला. का ठेवायचं, ते काही कळवलं नाही. सासूनं गावाकडच्या विहिरी तळापर्यंत उपसून साफ होताना पाहिलेल्या. पाण्यात उभं राहून पाणी कसं धुतात, असं म्हणत तिनं तळ दिसेपर्यंत उपशाचं इंजिन चालूच ठेवलं.

उतरायचं मला होतं. मी नखं कापली, कमरेची किल्ली काढली, बांगड्या कोपरापर्यंत चढवून चिंधीनं बांधल्या. राहिली जोडवी. एकाची कड झिजून पात्यासारखी झालेली. त्याला हात लावला मात्र, सासू कडाडली.

"खबरदार. माझा ल्योक शिमेवर हाय."

मग तिनंच माझ्या पायाच्या बोटांना चिंध्या गुंडाळल्या.

घासत घासत मी मधोमध पोचले. चिंध्या भिजून कधी सुटल्या, कळलं नाही. आणि पायाखाली काहीतरी हललं. गाभण म्हशीच्या पोटावर हात ठेवल्यावर आतलं वासरू हलतं ना, तसं. मी पाऊल उचललं, तर तिथं अस्तर वर आलं. बाजूला सरकले, तर तिथंही. बघता बघता तळाला हे एवढं पोट सुटलं आणि त्या गार, डुचमळणाऱ्या पोटावर मी उभी, पायात ते पातं घालून. पळावं तर फाटणार. उभं राहावं तरी फाटणार. खाली जिवंत काय आहे, देव जाणे.

काठावर सासू पांढरीफटक पडली होती. ती गुडघ्यांवर बसून काठावर ओणवी झाली. मग अगदी हळू म्हणाली, "काढ ती जोडवी."

त्या तलावापेक्षा मी त्या वाक्याला जास्त भ्याले.

"न्हाई काढायची, आत्ती," मी म्हटलं आणि जपून खाली बसले. दोन्ही पाय आकाशाकडे केले, लुगडं सावरलं आणि बुडावर सरकत निघाले. तो सोहळा पाहायला कुणी नव्हतं, हे नशीब. शिडीपाशी सासूनं माझे पाय पदरात गुंडाळूनच मला वर ओढलं. आधी तिनं जोडवी चाचपली, मग अस्तराकडे पाहिलं. ते शाबूत होतं.

तलावात बंगल्याच्या विहिरीचं पाणी सोडलं, तसं वरच्या भारानं पोट हळूहळू बसलं. पावसानं तुडुंब झालेल्या जमिनीतलं पाणी रिकाम्या तलावाचं अस्तर खालून उचलतं, म्हणून गुडघाभर ठेवायचं होतं, हे पुढं शेठांनी सांगितलं. तळाला एक सुरकुती मात्र कायमची राहिली. ती कशी पडली, असं त्यांनी विचारलं.

"वय झालं आसंल, आवं," सासू म्हणाली.

नवरा सुखरूप रजेवर आला. एका संध्याकाळी तिघं काठावर बसलो असताना त्यानंही तेच विचारलं. जोडव्यांचं ते वाक्य मी सांगते की काय, म्हणून सासूनं माझ्याकडे इतकं भेदरून पाहिलं, की त्या दिवशी तलावात मीसुद्धा तेवढी भ्याले नसेन. मी पदर तोंडाशी नेला, चांगली ऐसपैस खोकले आणि म्हटलं, "आत्तींनाच विचारा."