गाडी का तापते, ते आज सापडलं!

मंडळी, तीन दिवस माझ्या जुन्या फोर-बाय-फोरनं छळलं. चढाला लागली की तापायची.

मेकॅनिक दिनूदादा म्हणाला, "इंजिन खोलायला लागंल." मी म्हटलं, "कारण सापडेपर्यंत पाना लावायचा न्हाय!"

पाणी, पंखा, पंप सगळं ठीक निघालं. शेवटी पुढची जाळी काढली, तर रेडिएटरवर कापसाच्या तंतूंची गादीच! सावली मिळते म्हणून रोज आमच्या कापड विणायच्या लूमच्या शेडसमोर, हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याखाली गाडी लावतो ना मी.

हवा मारून साफ केलं. दुपारी गणेशपुरीकडचा कच्चा चढ गाडी एका दमात चढली.

अब्बा त्याच शेडमध्ये तीस वर्षं बसतायत. त्यांच्या खोकल्याला आम्ही "वय झालं" म्हणत आलो. उद्या त्यांना डॉक्टरकडे नेतोय. नाही म्हणाले तरी.