सासरे, साबण आणि किटली

इथे आखातात, अबू हलीफाच्या आमच्या घरात विजेची कमतरता नाही. तरी किटली लावण्याआधी मी बाथरूमच्या दाराशी जाऊन विचारतो, "आत कोणी आहे का?" मुलगी वैतागते. पण उकळत्या आल्याचा वास आला की मला वाळवंटातली ती थंडगार सकाळ आठवते आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

नाशिकहून सासू-सासरे आले होते, म्हणून आम्ही वाळवंटातल्या कॅम्पवर कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेतली होती. तिथला जनरेटर लहान होता. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर, त्यामुळे सगळ्यांना बजावलं, "गिझर चालू असताना दुसरं काहीही लावायचं नाही." सासूबाईंनी तर धसका घेऊन मोबाइलही चार्ज केला नाही.

बायको आणि त्या बाहेर उन्हात बसल्या होत्या. सासरे अंघोळीला गेले आणि मला चहाची तलफ आली. मी किटलीत आलं ठेचून घातलं आणि हळूच बटण दाबलं. उकळी फुटते न फुटते तोच सगळं बंद पडलं, पाण्याचा पंपसुद्धा. किटली पांघरुणाखाली सारून मी मोठ्याने म्हणालो, "या जनरेटरचा काही भरवसा नाही, बाबा."

दार किलकिलं झालं. डोक्यापासून फेसाने माखलेले सासरे डोळे घट्ट मिटून शांतपणे म्हणाले, "पाण्याचं नंतर बघू, जावईबापू. आल्याचा चहा झाला असेल तर अर्धा कप इकडे द्या."