उद्याच्या बारा बाटल्या

भावजी आणि मी पूल ओलांडून घराकडे निघालो होतो. पुढे गटार उपसून काळा गाळ रस्त्यावर टाकला होता. मी नाकाला रुमाल लावून पलीकडे पळाले. भावजी मात्र त्या ढिगाला खेटून, रमतगमत आले.

"अहो, घाण येत नाही का तुम्हाला?"

ते थांबले. "वहिनी, तीन महिने झाले. कशाचाच वास येत नाही."

माझे हे धाकटे दीर वाइनच्या दुकानात चाखणारे आहेत. पोर्तुगालहून येणारी लाल वाइन, तीही साध्या माणसाला परवडेल अशी, निवडायचं त्यांचं काम. सुरुवात केली खोकी उचलण्यापासून. लेबल दिसू नये म्हणून बाटल्यांवर कापडी पिशव्या चढवून नंबर लावतात आणि हे एकेक घोट तोंडात घोळवून थुंकतात. मग सांगतात, ही दोरू प्रांताची, जिभेला धरणारी. ही अलेंतेजूची, मऊ. "वीस वर्षं नुसतं थुंकून संसार केला," असं स्वतःच सांगतात.

माझ्या घरात बाटली येत नाही. तरी चाखायच्या दिवशी त्यांच्या नाकात दुसरा वास बसू नये म्हणून देवापुढची उदबत्ती मी ते बाहेर पडल्यावरच लावत आले. मागच्या महिन्यात एकदा विसरून आधी लावली, तर काही बोलले नाहीत. मला वाटलं, समजूतदार झाले.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात, नाहीतर नाही येणार. एवढं मीही सांगितलं असतं."

"मग इतके दिवस निभावलंत कसं?"

"आंबट-तुरट जिभेला कळतं. त्यावरून प्रांत ओळखायचा आणि वास माझ्या गेल्या वर्षीच्या नोंदवहीतला सांगायचा." त्यांनी आवाज खाली आणला. "तशीच एक पास केली. तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता म्हणे, म्हणजे वाइन खराब झालेली. गिऱ्हाइकं बाटल्या परत घेऊन आली. मालक म्हणाले, गोदामात ओल धरली. गोदामवाल्याला काढून टाकलं."

"आणि तुम्ही?"

"मी तिथेच उभा होतो."

गोदामवाल्याची बायको मला बाजारात भेटते. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"मालकांना खरं सांगून टाका," मी म्हटलं.

"सांगितलं की परत खोकी. बावन्नाव्या वर्षी ही पाठ ऐकेल का?"

 घराच्या वळणावर ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"उद्या बारा बाटल्या आहेत. मालक अकरानंतर येतात. डबा द्यायला आल्यासारख्या या. घोट घेऊ नका, ओठालाही लावू नका. फक्त वास घ्या आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा कुठल्या बाटलीला येतो, तेवढं मला सांगा. या वेळी चुकलो, तर कुणाला काढतील कोण जाणे. याल ना, वहिनी?"