काटेसाहेबांची किटली

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं बाजारातल्या तराजूंचे काटे तपासले, आणि ज्यांचे तराजू त्यांनी जप्त केले त्या दुकानदारांनीच हे नाव त्यांना कृतज्ञतापूर्वक बहाल केलं. काटेसाहेब बाजारात शिरले की खाटकापासून सोनारापर्यंत सगळ्यांना एकदम देव आठवत असे. निवृत्त झाल्यावर आठवड्याभरात ते पिशवी घेऊन त्याच बाजारात गेले. भाजीवालीनं त्यांच्या डोळ्यांदेखत पारड्यावर बोट टेकवलं आणि वर तोंडभर हसून विचारलं, "काय साहेब, बरं आहे ना आता?" त्या दिवशी ते रिकामी पिशवी घेऊन घरी आले.

निवृत्त माणसाला छंद हवा असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांना त्या छंदाबरोबर एका घरात राहायचं नसतं.

छंद टपालानं आला. परगावी राहणाऱ्या मुलीनं वाढदिवसाला सुट्या पानांच्या चहाचे चार डबे पाठवले. पहिल्याच डब्यावर छापलं होतं : पानं तीन ग्रॅम, पाणी ऐंशी अंश, वेळ दोन मिनिटं. काटेसाहेबांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं. जगात अजून कुठेतरी ग्रॅमची इज्जत राखली जाते, हे कळून त्यांचा ऊर भरून आला. संध्याकाळपर्यंत सोनाराचा छोटा तराजू, प्रयोगशाळेतला तापमापक आणि धावण्याच्या शर्यतीचं घड्याळ घरात दाखल झालं होतं.

दोन वर्षांत चाराचे चौतीस डबे झाले. हिरवा, पांढरा, काळा, धुरावर सुकवलेला, अर्धवट आंबवून मण्यांसारखा वळलेला. स्वयंपाकघरातल्या कपाटाचे दोन खण त्यांच्या ताब्यात गेले. त्यांची पत्नी तीस वर्षं इस्पितळात मेट्रन होती आणि चाळीस खाटांचा वॉर्ड तिनं नुसत्या भुवईवर चालवला होता. तिनं हे दुखणं जुनाट स्वरूपाचं आहे हे ओळखलं आणि फारसे उपचार केले नाहीत.

"अहो, साखरेचा डबा कुठे गेला?"

"वर माळ्यावर ठेवलाय. तिथे आता पांढरा चहा आहे. त्याला उजेड सोसत नाही."

"मलाही पुष्कळ गोष्टी सोसत नाहीत. मला कुठल्या डब्यात घालणार?"

साहेबांची नजर भिजणाऱ्या पानांवर होती. घड्याळ चालू होतं.

छंद घरातच राहिला असता तर एक वेळ चाललं असतं, पण त्याला शिष्य मिळाले. दर रविवारी चारच्या ठोक्याला साहेबांच्या बैठकीच्या खोलीत चहा चाखण्याची बैठक भरू लागली. तळमजल्यावरचे औषधवाले दुकान दोन तास बंद ठेवून येत. समोरच्या इमारतीतल्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई येत. आणि साहेबांचा मेव्हणा येई. तो दातांचा डॉक्टर. समोरच्याला तोंड उघडायला लावून मग स्वतःच बोलत राहायची त्याची सवय दवाखान्याबाहेरही सुटली नव्हती.

बैठकीचे नियम होते. अत्तर लावून यायचं नाही. साखर हा शब्द उच्चारायचा नाही. आधी वास घ्यायचा, मग घोट घ्यायचा, मग साहेबांचा निकाल ऐकायचा; तो ते वहीत उतरवून ठेवत. साहेब कपावर नाक धरून डोळे मिटत आणि सांगत, "ओलं गवत. किंचित जर्दाळू. शेवटी दगड." दगडाची चव त्यांना कशी ठाऊक, असं कुणी विचारत नसे. औषधवाले मान डोलवत, बाई "हा पूर्वेकडच्या उताराचा असणार" म्हणत, आणि साहेबांच्या चेहऱ्यावर ते जुनं, तराजूवर शिक्का मारतानाचं समाधान पसरे. बाजारानं काढून घेतलेली खुर्ची त्यांना रविवारपुरती परत मिळाली होती. मेव्हणा मात्र कप एका दमात संपवून "गरम आहे" एवढाच अभिप्राय देई, आणि हा माणूस कधी एकदा तोंडावर आपटतो याची प्रेमानं वाट पाहत असे. नात्यातच शोभणारं प्रेम ते.

अशात साहेबांना ताप आला. तीन दिवसांनी ताप गेला, आणि जाताना वास घेऊन गेला.

हे सांगायचं कुणाला? गवयाचा आवाज बसला तर लोक हळद सुचवतात, पण चहाच्या परीक्षकाचं नाक गेलं तर लोक दुसरा परीक्षक सुचवतात. साहेब गप्प राहिले. पुढच्या रविवारी त्यांनी कपावर नाक धरलं, नेहमीसारखे डोळे मिटले आणि मागल्या वर्षीच्या वहीतला त्याच चहाचा निकाल तोंडपाठ म्हणून दाखवला. बाई म्हणाल्या, "आजारपणानंतर तुमचं नाक आणखी तल्लख झालंय हो!" साहेबांनी विनयानं मान खाली घातली. ती वर उचलायचं धैर्य त्यांना बराच वेळ झालं नाही.

पण इस्पितळात जन्म काढलेल्या बाईपासून दुखणं लपत नसतं. एका सकाळी मेट्रनबाई आंघोळ करून बाहेर आल्या तेव्हा घरभर करपल्याचा वास होता, पातेल्यात दुधाचा कोळसा झाला होता, आणि शेगडीपासून दोन हातांवर, तिकडे पाठ करून, काटेसाहेब चौतीस डबे नव्यानं लावत शांतपणे बसले होते.

मेट्रनबाईंनी शेगडी बंद केली आणि मोरीतून एक बाटली आणली.

"डोळे मिटा. हुंगा. काय आहे?"

साहेबांनी आयुष्यात परीक्षा घेतल्या होत्या, दिल्या नव्हत्या. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "फुलांची छटा आहे. फार सूक्ष्म."

"फिनेल आहे."

मेट्रनबाईंनी बाटलीला बूच लावलं.

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

"आणि दर रविवारी ते जर्दाळू नि दगड?"

"वहीतून."

मेट्रनबाई हसल्या असत्या, पण नवऱ्याचा चेहरा त्यांना वॉर्डातल्या त्या रोग्यांसारखा दिसला, ज्यांना रोगापेक्षा शेजारच्या खाटेवरच्याला कळण्याची भीती जास्त असते. "येईल परत. दोन महिने लागतात कधी कधी," त्या म्हणाल्या. "तोवर बैठक बंद ठेवा."

"बंद ठेवली तर कारण सांगावं लागेल."

"मग कारण सांगा."

"तुझ्या भावाला?"

मेट्रनबाईंनी करपलेलं पातेलं घासायला घेतलं.

आणि भावानं नेमकी त्याच आठवड्यात संधी साधली. कुठल्याशा परिषदेला गेला होता, तिथून तो बैठकीत कोणीच न प्यायलेला चहा घेऊन आला. डब्यावरची चिठ्ठी त्यानं सोलून काढली होती. फोनवर म्हणाला, "भाऊजी, या रविवारी वही नको, पुस्तक नको. नुसतं नाक. काय आहे ते तुम्ही सांगायचं. मी औषधवाल्यांना नि बाईंना सांगून ठेवलंय."

साहेबांनी शनिवारचा दिवस तयारीत घालवला. मनाला घोर लागला की माणसं देव्हारा घासतात. साहेबांनी किटली घासली. पाण्याच्या क्षारांनी तिच्या आत पांढरा थर धरला होता. दर महिन्याला तो काढायची त्यांची पद्धत ठरलेली आणि भिंतीवर चिकटवलेली होती : शंभर मिलिलिटर व्हिनेगर, अर्धा लिटर पाणी, रात्रभर भिजवणे, सकाळी ओतणे, स्वच्छ पाणी भरून हुंगणे, वास जाईपर्यंत धुणे. वळणदार अक्षरात लिहून खाली सहीसुद्धा केली होती.

रविवारी पावणेचारला ते स्वयंपाकघरात आले तेव्हा किटली अर्धी भरलेली होती. सकाळी धुतली होती की धुवायची राहिली होती? मनात दिवसभर मेव्हणा घोळत असल्यामुळे त्यांना आठवेना. पण पद्धत लिहून ठेवलेली असली की आठवावं लागत नाही. त्यांनी झाकण उघडलं, हुंगलं. वास नव्हता. म्हणजे धुतलेली होती. वरून अर्धा लिटर पाणी ओतून त्यांनी किटली तापत ठेवली, आणि तापमापकानं पंचाऐंशी अंश दाखवताच समाधानानं बाहेर आणली.

पानं तोलली गेली. तीन मिनिटं मोजली गेली. कप भरले गेले. खोलीत एक वास पसरला, तो चौघांपैकी तिघांना आला.

मेव्हण्यानं पहिला घोट घेतला आणि त्याचा चेहरा क्षणभर, रोग्याचा त्याच्या खुर्चीत बसल्यावर होतो, तसा झाला. पण डबा त्यानं आणला होता, त्याची तारीफ तो आठवडाभर करत होता. चहा आवडण्यावाचून त्याला इलाजच नव्हता. "वा!" तो म्हणाला. "याला म्हणतात चहा. जरा तरतरीत आहे."

औषधवाल्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं, मग कपाकडे. दोन वर्षं ते ज्या छटा दिसल्यासारखं करत आले होते, त्यातली एक आज खरोखरच त्यांच्या नाकाला झोंबत होती. त्यांना गहिवरून आलं. "हिरवं सफरचंद," ते पुटपुटले. "स्पष्ट. अगदी स्पष्ट."

"समुद्रकाठचा मळा," बाईंनी डोळे मिटून सांगितलं. "खाऱ्या वाऱ्याशिवाय ही धार येत नाही."

आता सगळे साहेबांकडे पाहू लागले.

साहेबांनी घोट घेतला. नाक गेलं तरी जीभ जागेवर असते, आणि आंबट कळायला नाक लागत नाही. तो घोट जिभेवर असतानाच त्यांना शनिवार संध्याकाळ, व्हिनेगरची बाटली आणि अर्धी भरलेली किटली क्रमानं आठवली. बिस्किटांची बशी घेऊन दारात आलेल्या मेट्रनबाई वास येताच जागीच थबकल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहून मान अगदी बारीक हलवली. तिचा अर्थ सरळ होता : गिळा.

गिळलं असतं तर सगळं शाबूत राहणार होतं. सफरचंद होतं, समुद्र होता. वर एखादा दगड ठेवला की निकाल पुरा होत होता. मेव्हणासुद्धा आयता कबुलीत अडकला होता. एवढं सोपं प्रमाणपत्र साहेबांनी बत्तीस वर्षांत कोणाला दिलं नव्हतं. नेमकी तिथेच त्यांची अडचण झाली.

त्यांनी कप खाली ठेवला. "यात व्हिनेगर आहे."

औषधवाल्यांनी आपला कप जवळ ओढला.

"किटली मी धुतलीच नाही. वास गेला असं वाटलं. वास माझा गेलाय. ताप आला तेव्हापासून. गेले तीन रविवार मी तुम्हाला वहीतून वाचून दाखवत होतो."

साहेबांची अपेक्षा होती की लोक रागावतील, किंवा मेव्हणा खो-खो हसेल, किंवा निदान कोणीतरी गुळणी करायला मोरीकडे धावेल. पण दोन वर्षांच्या शिकवणीचा हिशेब त्यांनी धरला नव्हता.

"म्हणजे तुम्हाला वास येतच नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

"मग," बाई गोड आवाजात म्हणाल्या, जसं ढ मुलाला नकाशासमोर उभं करून म्हणतात, "यात काय आहे आणि काय नाही, ते तुम्ही कसं सांगणार?"

"अहो बाई, मी स्वतः ओतलंय!"

"तुम्ही ओतलं असेल हो. पण सफरचंद मला आलं," औषधवाले म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. आयुष्यातली पहिली छटा असं कोणी हिसकावून घेऊ लागलं तर कोणाचाही कापेल. "तीस वर्षं औषधं विकतोय मी. व्हिनेगर मला कळणार नाही?"

"भाऊजी, आजारी माणसानं असं मनाला लावून घेऊ नये," मेव्हणा म्हणाला. अनेक वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात कणव होती. "नाक गेलं की भास होतात. ताई, जप गं यांना."

साहेब उठले. किटली ओतली, तीनदा खळखळून धुतली, मेट्रनबाईंना हुंगायला लावली, आणि तोच चहा त्याच मापानं पुन्हा केला. सगळ्यांनी चाखला.

"फिका आहे," बाई म्हणाल्या.

"पहिल्याची सर नाही," औषधवाले म्हणाले.

"गरम आहे," मेव्हणा म्हणाला.

निघताना सगळे फार आपुलकीनं वागले. बाईंनी वाफारा घ्यायला सांगितलं. साहेबांना त्रास नको म्हणून बैठक आता आपल्या घरी भरवू असं औषधवाल्यांनी सुचवलं, आणि निकालाचं काम तूर्त तेच पाहतील हेही जाता जाता जिन्यात ठरून गेलं. साहेबांनाही बोलावणं होतं, श्रोते म्हणून.

मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात औषधवाले होते, एकटे. त्यांनी आधी प्रकृतीची चौकशी केली, मग हवेची, मग आवाज खाली आणून विचारलं, "साहेब, ते त्या दिवशीचं... तुम्ही म्हणता तसं समजा असलंच, तर प्रमाण काय होतं?"

"शंभर मिलिलिटर," काटेसाहेब म्हणाले. "अर्ध्या लिटरला."

औषधवाल्यांनी ते औषधाच्या चिठ्ठीवर टिपून घेतलं, नमस्कार केला आणि तरातरा खाली गेले.

"सांगितलंत?" आतून मेट्रनबाईंनी विचारलं.

"विचारलं, म्हणून सांगितलं. माप लपवायचं नसतं."

"पण तापत ठेवताना वरून अर्धा लिटर साधं पाणी ओतलं, असं तुम्हीच सांगितलंत ना? म्हणजे तुम्ही सांगितलंत त्याच्या निम्मंच होतं की ते."

साहेबांचा चेहरा पडला. बत्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून चुकीचं माप गेलं नव्हतं. त्यांनी घाईघाईनं चपला पायात सरकवल्या आणि दाराची कडी काढली. खाली जिन्यात औषधवाल्यांची पावलं अजून ऐकू येत होती.

"ते रविवारी दुप्पट घालतील," साहेब म्हणाले. "बाईंना पाजतील. तुझ्या भावालाही."

"घालू दे."

"अगं, पण माप—"

"बसा," मेट्रनबाई म्हणाल्या.

पावलं पहिल्या मजल्यावर पोचली. काटेसाहेबांनी कडीवरचा हात काढला, चपला पुन्हा जागेवर ठेवल्या, आणि ते बसले.