पोटाचं डायलिसिस

सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणायची. शाळेतल्या नव्हे, शिवणाच्या. पंचाहत्तरी उलटली तरी त्यांचं शिवणयंत्र खडखडत असायचं. मग पायांवर सूज चढली, अन्न नकोसं झालं. तपासण्यांतून कळलं, दोन्ही किडन्यांनी हात टेकलेत.

सुरुवातीला मानेत नळी घालून दवाखान्यातल्या मशीनवर डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. मशीन रक्त धुऊन द्यायचं, पण बाईंचा रक्तदाब असा घसरायचा की जिना चढताना लेकाचा खांदा धरावा लागे. दुसरा दिवस अंथरुणातच जाई. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर डायलिसिस घेणारे म्हातारे ड्रायव्हर मात्र खुशीत असत. "एकटा माणूस मी. घरी भिंतींशी बोलण्यापेक्षा इथं बरं!"

"तुमचं ठीक आहे हो," बाई म्हणाल्या. "माझा तर आठवडाच उसवलाय."

त्यांनी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "दुसरा काही मार्ग?"

"आहे ना. पोटात मऊ नळी बसवायची. तिच्यातून औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढून टाकायचं. पोटातला पडदाच गाळणीचं काम करतो. घरीच होतं, शरीराला धक्का कमी बसतो. पण रोज, दिवसातून तीन-चार वेळा. आणि स्वच्छतेत कसूर झाली की पोटात जंतू शिरलेच समजा."

"जास्त कशानं जगेन?"

"तुमच्या बाबतीत फार फरक पडेल असं नाही. कसं जगायचंय, ते तुम्ही सांगा."

लेक उसळला. "आई, हट्ट नको. इथं नर्स आहेत. घरी काही झालं तर?"

"झालं तर दवाखाना काही पळून जात नाही."

पोटात नळी बसवून घेऊन बाई नर्सकडे शिकायला बसल्या. तोंडाला मास्क, डोळ्यांवर जाड चष्मा. नळीची टोकं जोडताना त्यांना कुठंही बोट लागू द्यायचं नाही, हे अंगवळणी पडेपर्यंत त्यांनी नर्सला उठू दिलं नाही.

काही महिने छान गेले. मग एका सकाळी पोटातून निघालेलं पाणी गढूळ दिसलं. बाईंनी क्षणभरही वाट पाहिली नाही, लेकाला घेऊन तडक दवाखाना गाठला. औषधांनी संसर्ग आटोक्यात आला.

"मी म्हणत होतो ना?" लेक म्हणाला. "आता मशीनवरच जाऊ."

"गिऱ्हाईक दारात उभं होतं म्हणून नळी जोडताना मी घाई केली. चूक माझी, नळीची नाही. हात चालेनासे झाले की मीच म्हणेन, चल मशीनवर. आज चालतायत."

 लेक उठून नर्सकडे गेला. "मलाही शिकवा."

आता औषधी पाण्याची संध्याकाळची पिशवी तोच लावतो. परवा पाण्याच्या पिशव्यांची खोकी गाडीत घालून मास्तरीणबाई धाकट्या बहिणीकडे राहायला निघाल्या. लेक कुरकुरला, पण खोकी त्यानंच उचलून ठेवली.